थेंबाभोवतीचं कडं

शनिवारची अर्धी कचेरी सुटायला पंधरा मिनिटं उरली होती, आणि तेवढ्यात ओव्हरसियर जानरावांनी नकाशावर बोट टेकवलं. बोट साधंच होतं; नखाला चुना, पेराला तंबाखूचा पिवळेपणा. पण ते जिथं टेकलं ती जागा, नकाशे उतरवणाऱ्या ट्रेसर देवमन तायडेनं लांबूनच ओळखली. "हे पाहा, इथं बारमाही विहीर हाये," जानराव हेडसाहेबांना सांगत होते, "मंग तळ दुसरीकडं काहून टाकाचा? चाळीस मानसं, दीड महिना. पावसाच्या आत घाटावरची गाडवाट रुंद झाली पाह्यजे म्हंजे झाली पाह्यजे. सोमवारी पहाटे ट्रक काढतो." हेडसाहेबांनी चष्मा कपाळावर चढवला, नकाशा नाकाजवळ आणला आणि मान डोलावली. दोघांनी मिळून चाळीस माणसांचं पाणी एका ठिपक्यावर ठरवून टाकलं. देवमन शेजारच्या टेबलावर टाक पुसत उभा होता. पुसून झालेला टाक तो पुन्हा पुसत राहिला. आणि मग घंटा झाली, लोक डबे घेऊन उठले, जानरावांनी नकाशाची गुंडाळी काखेत मारली, आणि बोलायची वेळ निघून गेली. अशा वेळा कशा जातात हे त्याला चांगलं ठाऊक होतं. एक अशीच वेळ तीन वर्षांपूर्वी गेली होती.

अठ्ठावन्न सालची ती गोष्ट. नोकरीला चार महिने झाले होते, कायम व्हायला दोन उरले होते. हेडसाहेबांची रीत अशी की रोज संध्याकाळी प्रत्येकाचं ट्रेसिंगचं कापड खिडकीशी नेऊन उजेडावर धरायचं. काळ्या शाईची चूक ब्लेडनं खरवडून काढता येते, पण खरवडलेली जागा उजेडात पांढुरकी दिसते, आणि हेडसाहेब एकेका पांढऱ्या जागेवर टिचकी मारून मोजायचे. त्या आठवड्यात देवमनच्या तीन निघाल्या होत्या. तिसऱ्या टिचकीला ते म्हणाले होते, "तायडे, तुझ्या जागेवर बसायला बाहेर पन्नास पोरं उभी आहेत. आणि तू कुठून आलास ते विसरू नको." कुठून आलास म्हणजे जिथं शिकला त्या अकोल्याहून नव्हे, हे टेबलावरच्या सगळ्यांना कळलं होतं. दुसऱ्या दिवशी मेळघाटच्या नकाशावर, रेषा नसलेल्या कोऱ्या जागेत, टाकातून एक थेंब टपकला. चांगला गरगरीत थेंब. टिपकागद लावला तरी ठिपका राहिलाच. त्या कचेरीत ठिपक्याभोवती कडं म्हणजे बारमाही पाण्याची विहीर. देवमननं आजूबाजूला पाहिलं, लहान कंपास उचलला आणि थेंबाभोवती कडं फिरवलं. इतकं सुबक, की संध्याकाळी हेडसाहेब उजेडावर कापड धरून म्हणाले, आज एकही खरवड नाही. खरवड उजेडात दिसते. खोटी विहीर दिसत नाही. आणि खरं सांगायचं तर कडं पुरं होताना त्याला भीतीबरोबर एक चोरटा आनंदही झाला होता. लहानपणी तो आईबरोबर गावच्या विहिरीपासून वीस पावलांवर बसून राहायचा. कुणीतरी येईल, वरून ओतेल, मग ओंजळ किंवा घागर भरायची. पाच-पाच तास बसलेलं त्याला आठवे. या विहिरीपाशी कुणी बसून राहणार नाही, असं त्याला वाटून गेलं. बावीस वर्षांच्या पोराला काय काय वाटतं. मग कापडाच्या कोपऱ्यात त्यानं रीतीप्रमाणे आपली आद्याक्षरं घातली. छापील प्रत घरी दाखवायला आणली तेव्हा बापानं त्या तीन अक्षरांवर बोट फिरवलं होतं, आणि ते बोट आधी धोतराला पुसून घेतलं होतं. बाप त्याच साली गेला.

घरी आला तर थोरली बहीण मैनाबाई ओसरीवर गाठोडं बांधत होती. तवा, दोन पातेली, पोरीची झबली. नवरा गेल्यापासून ती मिळेल त्या मजुरीला जाई, आणि जानरावांच्या चाळीस माणसांत तिचं नाव आहे हे देवमनला आठ दिवसांपासून माहीत होतं. फक्त तळ कुठं पडणार ते माहीत नव्हतं. "मी सगळ्याइले सांगतलं," ती गाठ आवळत म्हणाली, "म्हटलं, जंगल असो का काही असो, भेवाचं कारन नाई. माह्या भावानं काढेल नकाशा हाये साहेबाजोळ." दोन वर्षांची शालू गाठोड्यावर चढून बसली होती. देवमन समोर बसला. बहिणीनं भाकर वाढली, त्यानं खाल्ली. एका वाक्याचं काम होतं. पण ते वाक्य आज बोललं तर सोमवारी ते कचेरीत जाणार, हेडसाहेब टिचकी मारणार, आणि मग ती चूक देवमनची राहणार नाही. दुसऱ्या कुणाचा थेंब सांडला असता तर थेंब सांडला असता. त्याचा सांडला तर सगळ्या वस्तीचा सांडला, पुढं येणाऱ्या प्रत्येक पोराचा सांडला. असं त्यानं स्वतःला पटवलं. ते खोटंही नव्हतं. पण त्याच्या तळाशी साधी नोकरी जाण्याची भीती होती, तीही त्याला दिसत होती, आणि स्वतःची त्याला किळस आली. आणि त्याच वेळी, भाकरीचा तुकडा मोडताना, दुसराच विचार हळूच वर आला: कशावरून तिथं पाणी नाही? कुणी पाहिलंय? एवढं मोठं जंगल, कुठंतरी विहीर असायचीच. असली तर सगळंच मिटलं.

रविवारी उजाडायच्या आत त्यानं सायकल काढली. आईला सांगितलं, रिद्धपूरला मित्राकडं जाऊन येतो, उशीर झाला तर मुक्काम करीन. मोटारीनं परतवाड्यापर्यंत जाता आलं असतं, पण मोटारीत कुणी ना कुणी ओळखीचं भेटतं, कुठं चाललास विचारतं. आणि पुढं त्या गाडवाटेला प्रवासी मोटार जातच नाही. कॅरिअरला सतरंजी, पिशवीत भाकरी-ठेचा, पाण्याची बाटली, पंप, सोल्यूशनची डबी, आणि खिशात नकाशाच्या घरी आणलेल्या छापील प्रतीची घडी. सायकल अकोल्याला मामाकडं शिकत असताना जुनी घेतलेली, चेन जराशी सैल. खड्ड्यात गेली की खटकन आवाज करायची. वलगाव मागं पडलं, आसेगाव आलं, पूर्णेचं पात्र कोरडं ठणठणीत. आठ वाजताच रस्त्यावरून झळा उठू लागल्या. कापसाची रानं उघडी पडली होती आणि त्यांच्याकडं पाहिलं की डोळे आपोआप मिटत. परतवाड्याच्या अलीकडं संत्र्यांच्या बागा लागल्या. झाडं मरगळलेली, पानं वळलेली. बहार धरावा म्हणून बागाइतदार ऐन उन्हाळ्यात मुद्दाम पाणी तोडतात, त्याला ताण देणं म्हणतात. हे त्याला लहानपणापासून ठाऊक होतं, आणि तरी त्या वळलेल्या पानांकडं पाहवेना. झाडाला ताण किती द्यायचा याचा माळ्याला अंदाज असतो. चाळीस माणसांना किती देता येतो? वाटेत तो मनातल्या मनात जानरावांशी बोलत होता, हेडसाहेबांशी बोलत होता, मैनाबाईशी बोलत होता, आणि प्रत्येकाशी वेगळं बोलत होता. एकाला सांगताना थेंब आपोआप पडला होता, दुसऱ्याला सांगताना कुणीतरी टेबलाला धक्का दिला होता. कडं कसं पडलं ते मात्र कुणालाच सांगता येत नव्हतं. कडं काही पडत नाही.

परतवाड्याला दुपार झाली. हॉटेलाच्या रांजणातून त्यानं बाटली भरून घेतली आणि सावलीत तासभर पडला. उन्हं कलल्यावर घाट. पायडल मारवेना तेव्हा उतरून ढकलू लागला. मग नकाशात पाहून डांबरी सोडली आणि गाडवाटेला लागला. आयुष्यात पहिल्यांदा तो आपल्याच रेषांवरून चालत होता. कागदावर केसाएवढी बारीक, एकसारखी ओढलेली वाट इथं चाकोऱ्यांनी फाटलेली होती, दगडगोट्यांनी भरलेली होती. सायकल उडत होती, हँडल हातातून निसटत होतं, एका उतारावर तो दगडाला अडकून पुढच्या चाकावरून सरळ पालापाचोळ्यात गेला. गुडघा फुटला. सागाची वाळकी पानं पायाखाली एवढा आवाज करत, की मागून कुणी येतंय असं वाटून तो तीनदा थांबला. तो थांबला की आवाजही थांबे. वळणं मात्र बरोबर निघत होती. जिथं त्यानं नाला काढला होता तिथं नाला होता, जिथं टेकाड तिथं टेकाड. प्रत्येक वळण खरं निघालं की त्याची आशा वाढत होती. इतकं सगळं खरं आहे, मग तेवढंच एक खोटं कसं असेल?

ती जागा आली तेव्हा सूर्य टेकडीआड गेला होता. सपाट जागा, चार मोहाची झाडं, तीन दगडांची जुनी चूल. आणि मधोमध खड्डा. पाहताच त्याच्या तोंडून आवाज निघाला, विहीर! सायकल टाकून तो धावला. कडेला मातीचा ढीग होता, त्यावर गवत उगवून वाळलं होतं. खड्डा पुरुषभर खोल होता आणि तळाशी पाचोळा. तो आत उतरला, हातानं पाचोळा बाजूला केला, बोटांनी माती उकरली. कोरडी, पिठासारखी माती. बराच वेळ तो उकरत राहिला. मग वर येऊन पाणी प्यायला बाटली उचलली, तर तिच्यात दोन घोट होते. परतवाड्याला हॉटेलवाला आणखी एक बाटली भरून देत होता. 'नको,' देवमन म्हणाला होता, 'वर आहे पाणी.' ते वाक्य आता त्याला जसंच्या तसं ऐकू आलं. म्हणजे सगळ्या जगात ज्या एका माणसाला ठाऊक होतं की हा थेंब आहे, तोही त्या थेंबाच्या भरवशावर निघाला होता. त्याला हसू आलं, आणि हसता हसता एकदम भीती वाटली, लहान पोराला वाटते तशी.

त्यानं चुलीत काटक्या रचून पेटवल्या. मोठा जाळ करायची छाती होईना. मे महिन्यातलं रान, ठिणगी उडाली तर डोंगर जाईल. पाण्यावाचून कोरडी भाकर गिळवत नव्हती. तेवढ्यात गळ्यातल्या घंटांचा आवाज आला, आणि झाडांमधून ढोरं आणि त्यांच्यामागं काठी टेकत एक म्हातारा आला. पायथ्याच्या गावचा गुराखी; उन्हाळ्यात गावची ढोरं वर आणून ठेवायची आणि पावसाच्या तोंडावर खाली न्यायची हे त्याचं काम. नाव डोमाजी.

"कोन हाये रे बाप्पा? कचेरीचा हायेस काय?"

"कशावरून?" देवमननं दचकून विचारलं.

"इथं कचेरीचेच लोक येतेत. आन येऊन त्या गड्ड्यात पाह्यतेत." म्हातारा चुलीजवळ टेकला. देवमनच्या ओठांकडं पाहून त्यानं खांद्यावरचा पाण्याचा तुंबा काढून पुढं केला. देवमनच्या हातांची न कळत ओंजळ झाली. म्हातारा तुंबा धरून तसाच थांबला.

"ओंजळ काहून करतं? धर ना तुंबा."

देवमननं तुंबा धरला. पाणी मातकट होतं, पानांचा वास होता त्याला. अर्धा तुंबा संपल्यावर त्यानं विचारलं, "हा खड्डा कोणी खोदला?"

"दोन सालं झाले. वनवा अडवाले जाळरेषा काढनारे मजूर आले होते, कागद घेऊन. मी सांगतलं, इथं पानी नाई, खाली जांभळीखाली झिरा हाये, माह्ये ढोरं तिथंच पितेत. त मुकादम म्हने, ढोराचं आयकू का कागदाचं? तीन दिवस खोदलं त्यायनं. एक बाई होती, टोपल्यावर टोपलं माती उचले. शेवटी लय रडली. मी म्हटलं, माय, पानी पाह्यजे त मी देतो. त म्हने, पान्यासाठी नाई रडत बाबा. कागद खोटा कसा असन?"

जाळ विझत आला. त्या बाईचं तोंड त्याला दिसेना, पण टोपलं दिसत होतं. त्या रात्री तो सतरंजीवर पडला तो खड्ड्याकडं पाठ करून. झोप आली तेव्हा ढोरांच्या घंटा जवळच वाजत होत्या, आणि त्यांचाच काय तो आधार वाटला.

फटफटीत उजाडताच डोमाजीनं त्याला झिऱ्यावर नेलं. चारशे पावलं खाली, नाल्याच्या वाळूत हातभर खळगा, वरून जांभळीची दाट सावली. पाणी उपसलं की पुन्हा हळूहळू भरून येत होतं. "वाळू काढत जा, वाढते," म्हातारा म्हणाला, "चाळीस मानसाइले पुरन. ढोराले मी दुसरीकडं नेईन." देवमनला रडू आलं. पाणी होतं! त्यानं बाटली भरली, तोंड धुतलं, आणि तोंड धुताना त्याच्या मनानं लगेच हिशोब लावला. आता कबूल करायची गरजच काय? जानरावांना सांगायचं, विहीर बुजलीय, पण खाली झिरा आहे. विहिरी बुजतातच. संपलं. थेंब थेंबाच्या जागी, नोकरी नोकरीच्या जागी. हे सुचल्याबरोबर त्याला इतकं हलकं वाटलं, की त्या हलकेपणाची शरम वाटायलाही वेळ लागला.

उतारावर ब्रेकचा भरवसा नको म्हणून डोमाजीनं पळसाची एक मोठी फांदी तोडून दोरीनं सायकलच्या मागं बांधून दिली. घाट उतरणारे असंच करतात म्हणे. फांदी रस्त्याला घासत येते, चाक बेलगाम होत नाही. मागं धुरळा उडवत, फांदी ओढत तो डांबरीवर आला. ब्रेकच्या रबराचा करपट वास नाकात बसला होता. 'विहीर बुजली हाये साहेब,' तो मोठ्यानं घोकत होता, 'विहीर बुजली हाये.' दोन-तीन वळणं उतरला असेल नसेल तो खालून ट्रकची घरघर ऐकू आली. त्यानं सायकल रस्त्यात आडवी लावली आणि हात वर केले.

ट्रक थांबला. जानराव ड्रायव्हरशेजारून खाली उतरले. मागं चाळीस माणसं, टोपली, फावडी, गाठोडी. आणि गाठोड्यावर बसून शालूला मांडीवर घेतलेली मैनाबाई.

"तायडे? तू इथं काय करून राहिला? आज कचेरी नाई काय तुले?"

"साहेब, तिथं पाणी नाही. विहीर बुजली हाये. पण खाली..."

"बुजली?" जानरावांनी त्याला पुरतं बोलू दिलं नाही. "बरं झालं बाप्पा सांगतलं. अरे, मंग खोदून मोकळी करू. फावडे हायेत, टोपले हायेत, पंधरा मानसं पयल्या दिवशी त्याच कामाले लावतो. बारमाही विहीर हाये, बुजली तरी पानी कुठं जाते?" आणि त्यांनी मागं वळून आवाज दिला, "आयकलं का वो बायांनो? पयले विहीर मोकळी कराची हाये!"

"करू ना साहेब," वरून मैनाबाई हसत म्हणाली, "माह्या भावाच्या नकाशातली हाये. दम लावून खोदू."

देवमनच्या डोळ्यांपुढं तो ढीग उभा राहिला, वाळक्या गवताचा. टोपलं आता कुणाच्या डोक्यावर येणार ते समोरच दिसत होतं. "बुजली नाही साहेब," तो म्हणाला, आणि आवाज नीट निघाला नाही म्हणून पुन्हा म्हणाला, "बुजली नाही. विहीर नव्हतीच. माझ्या टाकातून थेंब पडला होता. खरवडला तर दिसेल म्हणून मी त्याच्याभोवती कडं काढलं."

ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं. जानरावांनी नकाशा उघडला, त्या कड्यावर अंगठा ठेवला, मग अंगठा काढून कोपऱ्यातल्या अक्षरांकडं पाहिलं. "हे अक्षरं?"

"माझीच."

"म्हनूनच म्हन्तो मी, तुमाले लोकाइले..." जानरावांनी सुरुवात केली. हे वाक्य देवमननं दोन दिवस, नव्हे तीन वर्षं, कानात वागवलं होतं. आता ते पुरं यावं म्हणून तो उभा राहिला. पण जानरावांचं लक्ष वर गेलं. ट्रकच्या फळीवरून चाळीस माणसं खाली पाहत होती. जानरावांनी नकाशाची घडी घातली. "नोकरी जाईन तुही," ते एवढंच म्हणाले, "लेखी द्या लागन."

"देतो साहेब. दोन सालांमागं जाळरेषेवाल्यांनी तिथं तीन दिवस खोदलंय, तेही लिहून देतो. पाणी खाली जांभळीखाली आहे. हे पाहा." त्यानं बाटली पुढं धरली. जानरावांनी बाटलीकडं पाहिलं, हात पुढं केला नाही.

मैनाबाई चाकावर पाय देऊन उतरली. कडेवर शालू. ती भावाच्या अगदी समोर येऊन उभी राहिली. त्याच्या फुटलेल्या गुडघ्याकडं पाहिलं, सायकलीला बांधलेल्या फांदीकडं पाहिलं. "शनिवारी भाकर खात बसला होता ना माह्यासमोर? तवा काहून नाई सांगतलं?"

तेव्हा सांगता आलं असतं तर तो इथवर आला नसता. तिनं त्याच्या हातून बाटली ओढून घेतली, वास घेतला, एक घोट प्यायली, तोंडात घोळवला, मग पोरीला पाजलं. "मातकट हाये," ती वरच्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "पन पानी हाये." बाटली तिनं फळीवरच्या बाईच्या हाती दिली आणि ती हातोहात मागं गेली.

देवमननं फांदीची दोरी सोडली. सायकल फिरवून चढाकडं तोंड केलं. "मी पुढं होतो," तो जानरावांना म्हणाला, "मागून या. गाडवाटेचं वळण चटकन दिसत नाही." सीटवर बसून पहिलं पायडल मारलं तेव्हा गुडघ्यातून कळ आली, सैल चेन खटकन वाजली. मागं गिअर पडला, ट्रक घरघरत हलला, आणि त्या घरघरीवरून मैनाबाईचा आवाज आला.

"हळू घ्या वो साहेब. त्याले दम लागला हाये."